रविवारचं न्हाणं, बंद बाथरूम आणि गॅस गिझर

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सोलापूरची थंडी थोड्या दिवसांची, म्हणून तिच्यासाठी घरात वेगळी तयारी कुणी करत नाही. दुपारी पारा तीसच्या आसपास असतो, पहाटे तो चौदा-पंधरावर येतो आणि डिसेंबर-जानेवारीतल्या काही रात्री त्याच्याही बराच खाली उतरतो. उन्हाळ्यात बेचाळीस अंश सोसलेल्या अंगाला ही थंडी चांगलीच झोंबते. मग बाथरूमच्या झरोक्याला पुठ्ठा लागतो, खिडकीच्या फटीत जुना टॉवेल कोंबला जातो, दाराखाली गोणपाट येतं. हवा यायच्या वाटा बुजवायच्या आणि त्याच खोलीत गॅस पेटवायचा, असं या दिवसांत कितीतरी घरांत चाललेलं असतं. आम्ही गिझर, वायरिंग आणि नळाची कामं करणारी माणसं. शनिवार-रविवारच्या आत हे वाचकांपर्यंत पोचावं म्हणून पत्र लिहीत आहोत.

शनिवार-रविवारच का, हे आधी सांगायला हवं. एरवी एकाची आंघोळ सहाला, दुसऱ्याची सातला, तिसऱ्याची नऊला. मधल्या वेळात दार उघडं राहतं आणि बाथरूममधली हवा आपोआप बदलते. रविवारी तसं होत नाही. सगळे उशिरा उठतात, डोक्याला तेल लागतं, शिकेकाई भिजवलेली असते. मुलींचे केस धुवायला वेळ लागतो, आजोबांना गुडघ्यांवर कढत पाणी घ्यायचं असतं. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत तर बहिणी, भाचरं, गावाकडचे पाहुणे मुक्कामाला असतात. पाच-सहा जणांची आंघोळ ओळीनं होते. दार उघडतं ते एक बाहेर येऊन दुसरा आत जाण्यापुरतंच, आणि बाहेरचा गारवा आत येऊ नये म्हणून लगेच लागतं. आधीच्यांनी जाळलेल्या गॅसची घाण मागच्याच्या वाट्याला येते. त्यामुळे ‘एवढे दिवस याच गिझरवर आंघोळी केल्या, काही झालं नाही’ हे म्हणणं रविवारी उपयोगाचं नाही.

हिशेब सोपा आहे. एक किलो स्वयंपाकाचा गॅस पूर्ण जळायला साधारण १२ ते १३ घनमीटर हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा घरगुती गिझर पूर्ण आचेवर चालला, तर तासाला सुमारे एक किलो गॅस जाळतो. आता आपलं बाथरूम मोजा. चार फूट रुंद, सहा फूट लांब, आठ फूट उंच, म्हणजे जवळपास साडेपाच घनमीटर. पंधरा मिनिटं गिझर चालला की त्यातल्या निम्म्याहून जास्त हवेइतकी हवा ज्योत मागते. पण एवढी हवा संपायच्या बरीच आधी ती धडपणे जळेनाशी होते. प्राणवायू थोडा कमी झाला की गॅस अर्धवट जळायला लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. कारण एवढंच आहे. गिझर नवा असो, महागाचा असो, चांगल्या कंपनीचा असो, हवा नसेल तर तोही हेच करणार.

या वायूला रंग नाही आणि वासही नाही. सिलिंडरमधून गॅस गळला की जो उग्र वास येतो, तो मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा असतो. जळाल्यावर तयार झालेल्या कार्बन मोनॉक्साइडला तसला कुठलाच वास नसतो. त्यामुळे ‘वास आला असता तर कळलं असतं’ या भरवशावर राहू नये. श्वासातून हा वायू रक्तात गेला की रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. फुप्फुसं चालू असतात, छाती हलत असते, पण मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू पोचत नाही. पायांतलं बळ आधी जातं. म्हणूनच आतल्या माणसाला काहीतरी बिघडलंय हे कळतं, तरी कडीपर्यंत हात जात नाही.

सुरुवातीची लक्षणं इतकी साधी असतात की त्यांना दुसरंच नाव मिळतं. डोकं जड होणं, मळमळ, गरगरणं, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत धडधड. घरात लगेच निदान होतं: पित्त वाढलं, शनिवारचा उपास बाधला, बीपी कमी झालं, गरम पाण्यानं भोवळ आली. दोन गोष्टी नीट पाहाव्यात. बाथरूममधून बाहेर येऊन मोकळ्या हवेत बसलं की दहा-वीस मिनिटांत बरं वाटतं का? आणि एकाच सकाळी घरातल्या दोघा-तिघांचं डोकं दुखतंय का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर पित्ताची गोळी घेऊन थांबू नका. गिझर बंद करा आणि तो दुरुस्त होईपर्यंत लावू नका. गरोदर बाई, लहान मूल आणि हृदयाचा त्रास असलेली वयस्क माणसं यांना हा वायू कमी प्रमाणातही जास्त बाधतो.

आता बसवण्याबद्दल. गॅस गिझरची जागा बाथरूमच्या आत नाही. गॅलरीत, परसात, जिन्याच्या मोकळ्या बाजूला, जिथं उघडी हवा आहे तिथं भिंतीवर तो टांगावा आणि तिथून फक्त गरम पाण्याचा पाइप बाथरूममध्ये घ्यावा. वर पत्र्याची छोटी पडवी केली की पावसाचा प्रश्न मिटतो. पाइप आठ-दहा फूट लांबला तर पहिलं एखाद-दुसरं लिटर पाणी गार येतं. ते बादलीत धरून धुण्याला वापरता येतं. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तेव्हा ते मोरीत सोडवत नाही हे आम्ही जाणतो. पण या एका लिटरसाठी गिझर आत बसवण्याचा आग्रह धरू नये. आत बसवून द्या म्हणून गिऱ्हाईक अडून बसतं, आणि पाइपाचा खर्च वाचतो म्हणून काही कारागीरही होकार देतात. आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना आमचं सांगणं आहे की असं काम हातात घेऊ नका.

‘आमच्याकडे एक्झॉस्ट फॅन आहे’ हे उत्तर फार वेळा ऐकू येतं. फॅन हवा बाहेर ओढतो, पण तेवढी हवा आत यायला वाट लागते. दार घट्ट, दाराखाली गोणपाट आणि वर फॅन चालू असेल, तर फॅन गिझरच्या धुराड्यातूनच हवा उलटी खेचतो आणि धूर बाहेर जायचा तो खोलीत उतरतो. फॅनचा उपयोग तेव्हाच होतो, जेव्हा दाराच्या तळाशी जाळी असते किंवा चार बोटं फट असते. वरचा झरोका आणि खालची फट, दोन्ही कायम उघडी हवीत, अगदी पौषातल्या पहाटेसुद्धा.

येत्या रविवारपर्यंत गिझर बाहेर हलवणं सगळ्यांना जमणार नाही. भाड्याच्या घरात तर मालकाची परवानगी लागते. तोवर एक पद्धत पाळावी. बाथरूमचं दार सताड उघडं ठेवून गिझर सुरू करा, वीस लिटरची बादली भरा, गिझर बंद करा, सिलिंडरचा रेग्युलेटरही बंद करा, मग आत जाऊन दार लावा आणि बादलीनं आंघोळ करा. बादली भरायला साडेतीन-चार मिनिटं लागतात. गिझर पेटता असताना दार लावायचंच नाही, हा नियम मुलांपासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना सांगावा, दारावर लिहून लावावा. शॉवर या दिवसांत विसरावा. दोन आंघोळींच्या मध्ये दार-खिडकी पाच-दहा मिनिटं मोकळी ठेवावी. आणि म्हाताऱ्या माणसांनी, मुलांनी आतून कडी लावू नये, दार नुसतं लोटून घ्यावं.

सोलापुरात बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरांत आणखी एक भानगड होते. पाणी जड, त्यामुळे गिझरच्या तांब्याच्या कॉइलमध्ये क्षार धरतो. पाण्याची धार बारीक होते, पाणी चटका बसेल इतकं तापतं, मग आपण आच कमी-जास्त करत बसतो. कॉइलच्या बाहेरच्या बाजूला, पत्र्याच्या पातळ पात्यांमध्ये काजळी साठते. वर जायची वाट चोंदली की ज्योत खालून बाहेर डोकावते. काचेतून बघा: ज्योत निळी आणि ताठ असावी. पिवळी, लवलवणारी, टोकाला काळपट दिसत असेल किंवा गिझरच्या वरच्या भिंतीवर काळा पट्टा पडला असेल, तर तो गिझर त्या क्षणापासून बंद. दिवाळीच्या आत वर्षातून एकदा गिझर उघडून बर्नर, पाती आणि धुराडं साफ करून घ्यावं. कॉइलमधला क्षार काढून घ्यावा, पाण्याच्या दाबावर चालणारा रबरी पडदा कडक झाला असेल तर बदलावा. पडदा चिकटला की नळ बंद केल्यावरही बर्नर चालू राहू शकतो. गॅसची नळी भगव्या रंगाची, प्रमाणित छापाची असावी आणि तिच्यावरची तारीख पाहावी. पाच वर्षांच्या वर ती ठेवू नये. सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघावं. काडी पेटवून कधीच बघू नये.

रॉडवर पाणी तापवणारी घरंही पुष्कळ आहेत, विशेषतः पूर्व भागातल्या एका खोलीच्या बिऱ्हाडांत. रॉडमध्ये विषारी वायूची भीती नाही, पण विजेची आहे. वीस लिटर पाणी वीस अंशांवरून पंचेचाळीसपर्यंत न्यायला दीड हजार वॅटच्या रॉडला पंचवीस मिनिटांच्या आसपास लागतात आणि सहा दशांश युनिट वीज जाते. तो रॉड साडेसहा अँपिअर ओढतो. मोबाइल चार्जिंगचा साधा प्लग आणि बाजारातली स्वस्त एक्स्टेन्शन एवढ्यासाठी केलेली नसते. प्लग गरम होतो, प्लॅस्टिकचा वास येतो, पिना काळ्या पडतात. मोठ्या तीन पिनांचा सॉकेट हवा, आणि त्याची तिसरी, अर्थिंगची पिन खरोखर जमिनीला जोडलेली हवी. जुन्या घरांत ती बहुधा नुसती दिसायला असते. वायरमनकडून एकदा तपासून घ्या आणि घराच्या बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा. विजेची गळती झाली की हा स्विच डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो.

रॉड स्टीलच्या बादलीत किंवा पितळी घंगाळात सोडू नये. प्लॅस्टिकच्या बादलीत सोडताना तो काठाला आणि तळाला टेकणार नाही असा लाकडी दांडीवर अडकवावा. पाणी रॉडवरच्या दोन खुणांच्या मध्ये असावं. आधी रॉड पाण्यात, मग बटण चालू. काढताना आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग रॉड. बटण चालू असताना पाण्यात बोट घालून गरम झालं का बघण्याची सवय घरातल्या सगळ्यात अनुभवी माणसालाच जास्त असते, ती सोडावी. रॉडवर पांढरा थर बसला की उष्णता पाण्यात जात नाही, रॉड आतून तापून चिरतो आणि त्या चिरेतून वीज पाण्यात उतरते. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घालून, प्लग काढलेला रॉड त्यात अर्धा तास बुडवावा आणि मऊ ब्रशनं पुसावा. सुरीनं खरवडू नये. प्लगपर्यंत पाणी जाऊ देऊ नये.

तांब्याचा बंब अजून ज्यांच्या परसात आहे, त्यांनी तो टिकवावा. पाणी भरल्याशिवाय पेटवायचा नाही आणि राख रोज काढायची, एवढं पाळलं की बाकी त्याची तक्रार नसते. उघड्यावर असल्यानं धूर वर निघून जातो. गच्चीवर सौर बंब असलेल्या घरांना आपलं आभाळ धार्जिणं आहे. हिवाळ्यात इथं ऊन स्वच्छ पडतं. फक्त काचेवरची धूळ आठवड्यातून एकदा पुसायला हवी, आणि रविवारी पाच जणांनी ओळीनं आंघोळ करायची तर निम्म्यांनी आदल्या संध्याकाळी उरकावी, म्हणजे टाकीतलं पाणी पुरतं. संध्याकाळची आंघोळ थंडीत वाईट नाही. उलट दिवसभराच्या उन्हानं पाणी चांगलं तापलेलं असतं.

विस्तवाबद्दलही लिहायला हवं, कारण याच दिवसांत हुरडा येतो. ज्वारीचं कणीस दाबलं की दुधाळ पण घट्टसर चीक येतो, तेव्हा ते आगटीत घालायचं. गोवऱ्यांची धग बसलेली हवी, जाळ नको. जाळात कणीस बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं. कणीस फिरवत भाजायचं आणि गरम असतानाच तळहातांत चोळायचं. शेंगाचटणी, दही, गूळ सोबतीला. शेतात हे सगळं उघड्यावर होतं, त्यात भीती काही नाही. भीती आहे ती हल्ली गच्चीवर, गॅलरीत हुरडा भाजून झाल्यावर उरलेला विस्तव घमेल्यात घालून ‘ऊब धरेल’ म्हणून झोपायच्या खोलीत नेण्यात. गोवरीचा निखारा राखेखाली रात्रभर धुमसतो, धूर जवळजवळ दिसत नाही, आणि याच अवस्थेत तो कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो. कोळशाच्या शेगडीचंही तेच. ज्योत नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत चुकीची आहे. आगटी संपली की निखाऱ्यांवर पाणी ओतून काठीनं हलवावं आणि पुन्हा ओतावं.

बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी ठेवण्याची रीत अजून आहे. शेक द्यायचा तर दार-खिडकी उघडी ठेवून, माणूस जवळ बसून द्यावा, आणि शेक झाला की शेगडी अंगणात. बाळ-बाळंतीण झोपलेली असताना खोलीत विस्तव ठेवूच नये. ऊब हवी असेल तर आपल्या शहराची जाडजूड सुती चादर आहे. दोन चादरी एकावर एक घेतल्या तर मध्ये हवेचा थर राहतो आणि चांगली ऊब मिळते. चादरी, गोधड्या दुपारच्या उन्हात उलटसुलट वाळवून ऊन उतरायच्या आत घरात घेतल्या की रात्री अंथरूण गार लागत नाही. कसल्याही शेगडीपेक्षा हा उपाय आम्हाला बरा वाटतो.

लहान मुलांसाठी दोन बारीक गोष्टी. बादलीत आधी गार पाणी घ्यावं, मग गरम ओतावं. उलट केलं आणि तेवढ्यात मूल बादलीजवळ गेलं तर साठ अंशांचं पाणी काही सेकंदांत खोल भाजतं. कोपर बुडवून बघावं, तळहाताला घट्टे असल्यानं अंदाज चुकतो. आणि थिजलेल्या खोबरेल तेलाची बाटली गॅसच्या जाळावर धरू नये, गरम पाण्याच्या भांड्यात दोन मिनिटं ठेवली की पुरे.

आत गेलेला माणूस हाकेला ओ देत नसेल तर वाट पाहू नका. आधी बाहेरून सिलिंडर बंद करा, दार उघडा किंवा तोडा, झरोक्याची काच फोडा. आत शिरणाऱ्यानं बाहेरच खोल श्वास घेऊन तो धरून ठेवावा आणि माणसाला सरळ उघड्या हवेत ओढावं. बाथरूममध्येच पाणी मारत, तोंड चोळत बसू नये. १०८ ला फोन करावा आणि ‘गॅस गिझर चालू होता’ हे वाक्य आवर्जून सांगावं, रुग्णालयातही पुन्हा सांगावं. श्वास बंद असेल तर शिकलेल्या माणसानं लगेच छाती दाबणं सुरू करावं. एक महत्त्वाची गोष्ट: बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथं फसवतो. कार्बन मोनॉक्साइड धरलेलं रक्तही त्याला लालच दिसतं आणि तो ९७-९८ दाखवतो. आकडा चांगला आला म्हणून घरी ठेवू नका. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कमधून भरपूर ऑक्सिजन दिला तर तास-दीड तासात होतो. शुद्धीवर आलेल्या माणसालाही म्हणूनच रुग्णालयात न्यायला हवं. नुसता गॅस गळतीचा वास असेल तर विजेचं बटण चालू-बंद न करता खिडक्या उघडाव्यात, बाहेर यावं आणि १९०६ वर फोन करावा.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. आपल्या दैनिकात रोज किमान तापमान छापून येतं. मार्गशीर्ष-पौषात शुक्रवार आणि शनिवारच्या अंकात त्याच्या शेजारी एवढंच छापावं: ‘गॅस गिझर पेटता असताना बाथरूमचं दार लावू नका.’ महापालिकेनं घर वापराचा दाखला देताना बाथरूमला वर झरोका आणि खाली जाळी आहे का ते पाहावं. घरमालकांनी भाडेकरू बदलताना गिझर तपासून द्यावा. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर करत येणारे यात्रेकरू सोलापुरात पहाटे घाईनं तयार होतात, एका खोलीतली सात-आठ माणसं ओळीनं आंघोळ करतात आणि त्यांना तिथल्या गिझरची काहीच माहिती नसते. लॉज आणि भक्तनिवास चालवणाऱ्यांनी आतले गॅस गिझर गड्ड्याची यात्रा सुरू व्हायच्या आधी बाहेर काढावेत आणि सूचना मराठीबरोबर कन्नड व तेलुगूतही लावावी. या कामासाठी एका गिझरमागे अर्धा दिवस, दहा-बारा फूट पाइप, दोन एल्बो आणि भिंतीला एक भोक पुरतं.

आपले,
गिझर, वायरिंग व नळकाम करणारे काही कारागीर,
सोलापूर